दर पावसाळ्यात एअर-फ्युएल मीटरचा सेन्सर का मरतो? जुन्या ऑक्टाव्हिया आरएसवर तीन सेन्सर घालवून झाल्यावर

पहिला सेन्सर जुलैत गेला. म्हटलं, नशीब खराब. दुसरा पुढच्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेला, तेव्हा विकणाऱ्याला फोन करून दोन शब्द सुनावले. तिसरा पाऊस सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी गेला आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. माल खराब असता तर तो थंडीतही मेला असता, उन्हाळ्यातही मेला असता. दरवेळी मृगाचा पाऊस बघूनच कसा मरतो? शोधाशोध केली तेव्हा मारेकरी घरातच सापडला. तो म्हणजे मी, माझं वायरिंग आणि मी होकार दिलेलं एक वेल्डिंग.

गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. १.८ लिटर, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण वीस, टर्बो, दीडशे हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने डाउनपाइप, म्हणजे टर्बोच्या खालचा एक्झॉस्ट पाइप, बदलून थोडा जाड बसवला होता आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, रीमॅप मारला होता (ताकद वाढवायला आतले आकडे बदलले होते). कोणी मारला, किती मारला, कागद नाही. अशा गाडीत हवा-पेट्रोलचं मिक्स्चर दाखवणारं मीटर हवंच, कारण टर्बो पूर्ण दाबावर असताना पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळेपर्यंत गाडी काही बोलत नाही. म्हणून वाइडबँड मीटर घेतलं, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असलेलं. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मीटरांत हाच सेन्सर असतो, त्यामुळे पुढचं सगळं तुमचं मीटर कुठल्याही कंपनीचं असलं तरी बरंचसं लागू पडेल.

दोन तक्रारी होत्या आणि मी त्या एकच समजत होतो, तिथेच सगळा घोळ झाला. एक, पावसाळ्यात सेन्सर मरणं. दुसरी वर्षभराची: गाडी गरम होऊन आयडलला उभी असली की मीटर १५.८, १६, कधी १६.२ दाखवायचं. चालायला लागली की १४.७. टर्बो भरला की ११.८. हा आकडा एक भाग पेट्रोलला किती भाग हवा ते सांगतो: जास्त म्हणजे लीन, पेट्रोल कमी; कमी म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. म्हणजे उभी असताना लीन, पळताना बरोबर. दुसऱ्या तक्रारीने माझा एक महिना आणि इंजिनवरचे निम्मे रबरी पाइप खाल्ले, म्हणून आधी तीच सांगतो.

आयडलला लीन: मीटर खोटं की गाडी?

जुन्या टर्बो गाडीत आयडलला लीन दिसलं की प्रत्येक माणूस एकच सांगतो: व्हॅक्यूम लीक, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांत कुठेतरी फट. ते चूक नाही. या इंजिनाच्या ब्रीदरचे पाइप वीस वर्षांच्या उष्णतेने पापडासारखे होतात, हात लावला की तुकडा हातात येतो. मी नाना पेठेतून पाइप आणले, क्लिपा आणल्या, एअर मास मीटर स्प्रेने साफ केला, थ्रॉटल बॉडी उतरवून धुतली. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी गाडी सुरू केली. १६.

जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते मी तिसऱ्या रविवारी केलं: लॅपटॉप लावून ईसीयूला विचारलं, तुला काय दिसतंय? फोक्सवॅगन कुटुंबातल्या या गाड्यांत व्हीसीडीएसवर (लॅपटॉपवरचं तपासणीचं सॉफ्टवेअर) ३२ नंबरचा ब्लॉक उघडा. पहिला आकडा आयडलची दुरुस्ती, दुसरा चालत्या गाडीतली. ईसीयू स्वतःच्या सेन्सरवरून किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते इथे कळतं. खरी व्हॅक्यूम लीक असेल तर पहिला आकडा चढलेला असतो, आणि खूपच चढला तर १७५४४ नंबरचा कोड येतो. दुसरा आकडा फार चढला तर १७५३६. माझ्याकडे पहिला आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत, दुसरा अधिक दोनच्या आसपास. कोड एकही नाही. म्हणजे ईसीयूच्या मते मिक्स्चर छान आहे.

एकाच पाइपात दोन सेन्सर, एक म्हणतो ठीक, दुसरा म्हणतो लीन. दोघांच्या मध्ये काय आहे ते बघायचं, बस. माझ्या गाडीत कारखान्याचा सेन्सर टर्बोच्या लगेच खाली आहे. माझा नवा सेन्सर त्याच्या पुढे दोन फुटांवर. आणि मध्ये आहे डाउनपाइपचा फ्लँज, म्हणजे बोल्टने आवळलेला जोड.

इथे थोडं थांबतो, कारण सायलेन्सर लीक असेल तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल, हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. आयडलला एक्झॉस्ट सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्क्यामागे पाइपात क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या क्षणी फट असेल तिथून हवा आत ओढली जाते. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. बाहेरचा घोटभर ऑक्सिजन मिळाला की तो बिचारा म्हणणार, लीन. एक्सिलरेटर दाबला की पाइपातला दाब कायम बाहेरच्यापेक्षा जास्त राहतो, फटीतून फक्त बाहेर जातं, आत काही येत नाही, आणि आकडा खरा होतो. म्हणून आयडलला लीन, पळताना बरोबर असा नमुना दिसला की इंजिनाच्या आधी सायलेन्सरकडे बघा.

फट शोधायला यंत्र लागत नाही. गाडी रात्रभर गार झालेली असताना सकाळी सुरू करायची आणि कोणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओला फडका दाबून धरायला सांगायचं. पाच-सहा सेकंद पुरतात. मेहुण्याला बसवलं, तो कुरकुरला, "भावजी, हे काम मला आधी का नाही सांगितलंत, जुने कपडे तरी घातले असते." मी जॅकस्टँडवर घेतलेल्या गाडीखाली. फ्लँजकडून स्पष्ट फुस्स-फुस्स ऐकू आलं. गॅस्केटच्या एका बाजूला काजळीचा काळा पंखाही पसरलेला होता, जो मी आधी दहादा बघून मळ समजलो होतो. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे. गॅस्केट नवं, दोन गंजलेले स्टड नवे, आणि आयडल १४.६ ते १४.८. एक महिना आणि अर्धं इंजिन या एका गॅस्केटपायी.

हाच हिशेब उलटाही लागू पडतो, तेही सांगून ठेवतो. फट जर कारखान्याच्या सेन्सरच्याही आधी असेल, म्हणजे मॅनिफोल्डला तडा किंवा टर्बोच्या गॅस्केटला, तर ईसीयूसुद्धा फसतो. तो पेट्रोल वाढवत जातो, ३२ मधले आकडे चढतात, मीटर आणि ईसीयू दोघेही समाधानी दिसतात आणि इंजिन प्रत्यक्षात रिच चालत असतं. प्लग काळे, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, अॅव्हरेज पडलेलं. तिथे मीटरवर विश्वास ठेवाल तर फसाल.

मीटर खरं बोलतंय का, ते तपासायच्या माझ्या दोन रीती

एक चालत्या गाडीत, फुकट. तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर तीन हजार आरपीएमवर जा आणि पाय पूर्ण उचला. क्लच दाबायचा नाही. ईसीयू पेट्रोल बंद करतो, पाइपातून नुसती हवा जाते, मीटर सेकंदाभरात लीनच्या टोकाला जाऊन चिकटलं पाहिजे. ते तिथे न जाता अठराच्या आसपास रेंगाळत असेल किंवा तीन-चार सेकंद लावत असेल तर सेन्सर म्हातारा झाला किंवा काजळीने भरला. नवीन माणसं हे टोकाला गेलेलं बघून घाबरतात, उताराला गाडी लीन होते म्हणून फोन करतात. घाटातून उतरताना ते तसंच दिसणार. तसं नाही दिसलं तर काळजी करा.

दुसरी सेन्सर काढून. मोकळ्या हवेत टांगायचा, जवळ पेट्रोल, थिनर, स्प्रे काही नको, आणि मीटर चालू करायचं. मिनिटभरात ते लीनच्या टोकाला गेलं पाहिजे. ज्या मीटरांत मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करायची सोय आहे, ते इथेच करून घ्यावं. आत सिरॅमिक सातशे ऐंशी अंशांवर तापलेलं असतं. त्याला बोट लावायचं नाही, प्लास्टिकच्या चटईवर ठेवायचा नाही. मी गॅरेजमधल्या फॅनची दोरी त्याने जाळली आहे.

लॅपटॉपवर लॉग, म्हणजे आकड्यांची नोंद, घेणाऱ्यांसाठी आणखी एक भानगड. मीटरवर १४.६ आणि लॉगमध्ये १५ असं दिसत असेल तर सेन्सरला दोष देऊ नका, अर्थिंग बघा. मीटरमधून बाहेर जाणारा सिग्नल शून्य ते पाच व्होल्टचा असतो. अर्थ दोन वेगळ्या जागी मारला आणि दोन्हींत ०.१ व्होल्टचा फरक पडला तरी लॉगमध्ये ०.२ ते ०.३ चा फरक पडतो. हेडलाइट आणि पंखा चालू करा. आकडा सरकला तर अर्थच. मी डॅशबोर्डमागच्या एका पत्र्याच्या स्क्रूला अर्थ दिला होता, रंगावरच. आता मीटर आणि लॉगर दोन्हींचा अर्थ एकाच बोल्टवर आहे, खाली घासून पत्रा उघडा केलेला.

आणि हल्ली एक प्रश्न फार येतो: ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरल्यापासून मीटर तेच १४.७ कसं दाखवतं? मीटर मुळात एअर-फ्युएल रेशो मोजतच नाही. ते लॅम्डा मोजतं, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या मानाने किती हवा आहे, आणि त्याला आतल्या आत १४.७ ने गुणून आकडा दाखवतं. निव्वळ पेट्रोलला १४.७ लागतं, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला साधारण १३.५. पण बरोबर जळण झालं की लॅम्डा एकच येतो आणि मीटर १४.७ च लिहितं. २०२३ ला काही पंपांवर सुरू झालेलं ई२० आता जवळपास सगळीकडे आहे, तेव्हा मीटरची सेटिंग लॅम्डावर टाका आणि १४.७ विसरा. आयडलला एक, पूर्ण टर्बोवर ०.७८ ते ०.८५. फरक दिसेल तो ईसीयूच्या ३२ च्या ब्लॉकमध्ये. ई१० वरून ई२० वर गेल्यावर दुसरा आकडा तीन-चार टक्क्यांनी चढला तर ते इथेनॉल आहे, लगेच पाइप बदलायला निघू नका. माझाही अधिक दोन होता तो आता अधिक पाच आहे.

आता पावसाळा

गॅस्केट बदलल्यावर आयडलची तक्रार गेली, पण जून आल्यावर सेन्सर नेमाने मेला. तेव्हा तिन्ही मेलेले सेन्सर टेबलावर मांडले. मल्टिमीटर लावला. एलएसयू ४.९ च्या राखाडी आणि पांढऱ्या तारांत हीटर असतो, गार असताना साधारण तीन ओहम दाखवतो. पहिल्या दोघांचे हीटर धडधाकट, तिसऱ्याचा तुटलेला. पण कानाशी धरून हलवल्यावर तिघांतही बारीक खुळखुळ. आतलं सिरॅमिक तडकलेलं. काजळीने भरलेला सेन्सर हळूहळू मंद होत जातो. हे एका झटक्यात फुटलेले होते.

तापलेल्या काचेच्या पेल्यावर थंड पाणी पडलं की काय होतं ते प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कधी ना कधी झालेलं असतं. सिरॅमिकचं तेच. सेन्सर तापायच्या आधी पाणी आलं तर हरकत नाही, तापल्यावर आलेली वाफही चालते. तापलेल्यावर थेंब आला की संपलं. मग प्रश्न दोन: थेंब कुठून येतो, आणि तो येतो तेव्हा सेन्सर तापलेला कसा असतो?

थेंबाचं उत्तर माझ्या वेल्डिंगमध्ये. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच, थंड पाइपात ते भिंतीला धरतं आणि खोलगट जागी साठतं. पावसाळ्यात हवेत ओल जास्त, पाइप गार, आणि माझं सकाळचं ऑफिस तीन किलोमीटरवर. तेवढ्यात पाइप पूर्ण तापतच नाही. साठलेलं पाणी तिथेच राहतं, उद्याचं त्यात भर घालतं. ऑक्टाव्हियात टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलकडे आहे. वरून हात जात नाही. सायलेन्सरवाले चाचा गाडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाले होते, "वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही, खालून लावून देतो, दहा मिनिटांत होईल." मला घाई होती. म्हटलं, लावा. त्यांनी सुबक वेल्डिंग केलं, एम१८ चा नट अगदी सरळ बसवला, पण पाइपाच्या पोटाला. सेन्सर तोंड वर करून पाण्याच्या डबक्यात उभा.

चाचांचा दोष नाही. त्यांना काय माहीत आत सिरॅमिक आहे. सांगायचं काम माझं होतं.

पाइपाकडे समोरून बघितलं आणि त्यावर घड्याळाची तबकडी आहे असं समजलं, तर सेन्सर दहा ते दोनच्या मध्ये हवा. अगदीच जागा नसेल तर आडव्या रेषेच्या दहा अंश तरी वर, त्याच्या खाली कधीच नाही. टोक खाली, तारा वर, म्हणजे थेंब आला तरी ओघळून जातो. टर्बोपासून किती लांब, यावर प्रत्येक मीटरची पुस्तिका वेगळं सांगते. दीड ते तीन फुटांच्या मध्ये काहीतरी असतं. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डवर लावायचा नाही. तिथे दाब जास्त असतो, त्याने आकडा फुगतो, रिच असेल तर आणखी रिच दाखवतो, आणि उष्णतेने सेन्सरही टिकत नाही. कॅटच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागेही नाही. तिथे कॅटने ऑक्सिजन वापरून टाकलेला असतो, आकडा मंद आणि गुळमुळीत येतो. माझ्या गाडीत बदललेल्या डाउनपाइपमुळे कॅट मागे गेलंय, म्हणून मध्ये जागा मिळाली. मूळ पाइप असेल तर टर्बो आणि कॅटमध्ये फारच थोडी जागा असते. अशा वेळी पाइप पूर्ण उतरवून टेबलावर घेऊन, गाडीत बसवल्यावर सेन्सर कुठे येईल ते आधी खडूने आखून मगच टॉर्च लावावा. दोन तासांचं काम जास्तीचं, पण गाडीखाली आडवं पडून जिथे हात पोचला तिथे भोक पाडण्यापेक्षा परवडलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र मला फार वेळ लागला, आणि ते या गाड्यांचंच खास आहे. मीटरला करंट मी रेडिओच्या मागच्या तारेवरून घेतला होता. सोपं काम, पॅनल उघडलं की समोर. पण फोक्सवॅगनच्या जुन्या वायरिंगमध्ये रेडिओला एक वेगळा पुरवठा असतो. किल्ली नुसती कुलपात असली की तो चालू, इग्निशन बंद केलं तरी किल्ली बाहेर काढेपर्यंत चालूच. म्हणजे मी मुलीला शाळेतून घ्यायला जाऊन पावसात दहा मिनिटं गाणी ऐकत बसलो की इंजिन बंद, पाइप गार, आणि खाली डबक्यात सेन्सर लालबुंद. ती आली, मी स्टार्टर मारला, पहिल्याच धक्क्याला साठलेलं सगळं पाणी उडालं थेट सिरॅमिकवर.

यावरून एक लक्षात ठेवा: करंट कुठून घ्यायचा ते सोय बघून ठरवू नका. थेट बॅटरीवरून घेतला तर सेन्सर रात्रभर तापत राहील आणि सकाळी बॅटरी उतरलेली. रेडिओवरून घेतला तर माझी गत. हेडलाइटच्या बाजूच्या ज्या तारा स्टार्टर मारताना थोडा वेळ बंद होतात, त्यांच्यावरून घेतला तर मीटर दर वेळी विझून पुन्हा सुरू होतं. मी आता काय केलंय: बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिले (इशारा मिळाला की चालू होणारा स्विच), आणि त्या रिलेला नुसता इशारा पेट्रोल पंपाच्या लाइनवरून. पंप इंजिन फिरत असतानाच चालतो, तेव्हा इंजिन बंद तर मीटर बंद. मध्ये एक टाइमर रिले घातलाय, चाळीस सेकंदांचा. पहिले चाळीस सेकंद पाइपातलं पाणी उडून जातं, मग सेन्सर तापायला लागतो. कारखान्याचा ईसीयूही तेच करतो. पाइप कोरडा झाल्याचा हिशेब जुळेपर्यंत हीटर हळूच चालवतो. बाहेरून बसवलेल्या मीटरांत ही अक्कल सहसा नसते.

इथे कोणी म्हणेल, पुस्तिकेत तर लिहिलंय की करंट नसताना सेन्सर पाइपात ठेवून इंजिन चालवू नका. बरोबर लिहिलंय. आठवडाभर मीटर काढून सेन्सर तसाच ठेवला तर काजळीने तो मरतोच. चाळीस सेकंदांची काजळी हीटर लागल्यावर जळून जाते. मी हा धोका डोळे उघडे ठेवून घेतलाय, तुम्हाला पटत नसेल तर टाइमर वगळा, पण पंपाची लाइन सोडू नका.

आणखी एक पाणी होतं, ते मला चौथ्या सेन्सरच्या वेळी दिसलं. सेन्सरची तार मी वायपरखालच्या त्या पन्हळीतून, जिथे या गाड्यांचा ईसीयूही बसवलेला असतो, तिथून आत घेतली होती. तिथे पिंपळाची पानं साचतात, निचऱ्याची भोकं बुजतात, पाणी तुंबतं. तुंबलेलं पाणी माझ्या तारेवरून नळीतून यावं तसं आत आलं आणि मीटरच्या मागच्या कनेक्टरमध्ये हिरवी पूड धरली. तार आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी टपकतं, आत येत नाही. रबरी ग्रोमेट नव्याने बसवा, आणि मेच्या शेवटी ती पन्हळ हाताने साफ करा, मीटर असो नसो. ईसीयू भिजला तर सेन्सरचा खर्च गंमत वाटेल.

बारीकसारीक: सेन्सरच्या कनेक्टरमध्ये कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो, म्हणून तार लांब करायला कनेक्टर कापू नका, एक्स्टेंशन केबल घ्या. आटे घासून बसत असतील तर एम१८ चा टॅप फिरवा, पान्याने जबरदस्ती नको. चाळीस ते साठ न्यूटन-मीटर पुरे. सेन्सरच्या आधीच्या कुठल्याही जोडाला साधं सिलिकॉन लावू नका, त्याची वाफ सेन्सरला विष आहे. डाउनपाइपजवळची तार काचेच्या धाग्याच्या स्लीव्हमध्ये घाला आणि पाइपाला टेकू देऊ नका. केबल टाय तिथे मेणासारखा वितळतो. टर्बो निळा धूर सोडत असेल तर आधी तो दुरुस्त करा, ऑइल जाळणाऱ्या इंजिनाला कितीही सेन्सर द्या, खाऊन टाकेल.

नट आता अकराच्या जागेवर आहे. जुनं भोक प्लगने बंद केलंय. चौथा सेन्सर गेल्या वर्षीचा पूर्ण पावसाळा काढून या वर्षीच्या जुलैत पोचला आहे, पाय उचलला की सेकंदात टोकाला जातो. पूर्ण दाबल्यावर ०.८० ते ०.८२ दिसतो. तो बघायचं काम शेजारी बसलेल्या माणसाचं. चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघावं, आणि शक्य असेल तर डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायचं यंत्र) जावं. कोणी मारलाय माहीत नसलेला तो रीमॅप इतका काही वाईट निघाला नाही, हे कळायलाच मीटर घेतलं होतं, तीन वर्षांनी कळलं.

डिकीत एम१८ चा एक बंद प्लग आणि बावीसचा पाना ठेवलाय. ताम्हिणीत मीटर गेलं तर पाइप गार होऊ द्यायचा, सेन्सर काढायचा, प्लग मारायचा आणि घरी यायचं.